जुन्या मोटारीची पारख

इंग्लंडातील ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात 'एम. जी. बी.' नावाची ठेंगणी, देखणी मोटार तयार होत असे. तिचे छत कापडी असून ते हवे तेव्हा उघडता येई. पक्क्या छताच्या भावंडासह तिची संख्या पाच लाखांवर गेली. ही मोटार हौसेने विकत घेणाऱ्यांची आजही तेथे वानवा नाही. वानवा असते ती धीराची. ताज्या तांबड्या रंगाला भुलून कित्येकजण वर्षानुवर्षांची पुंजी घटकेत मोजून देतात.

जाणता मनुष्य मात्र आधी गुडघे टेकून दाराखालचा उंबरा पाहतो. या मोटारीला निराळा सांगाडा नाही. पत्रे एकमेकांस सांधून तयार झालेले अंगच सारा भार वाहते. आणि वर पक्के छत नसल्यामुळे त्या भाराचा मोठा वाटा दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर येतो. हिवाळ्यात तेथील रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून मीठ पसरतात. ते खारे पाणी उंबऱ्याच्या पोकळीत शिरते आणि आतून पत्रा खाऊ लागते. बाहेर फोड दिसेपर्यंत आत फारसे काही उरलेले नसते. त्यात एखादा लबाड विक्रेता भोके पुट्टीने बुजवून वर रंगाचा हात फिरवतो!

अशा वेळी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक कामी येते. पोलादाला ते चिकटते. जाड पुट्टीवर ते ठरत नाही. फडके एवढ्यासाठी, की रंगावर ओरखडा उठू नये. मोटार अजून दुसऱ्याची आहे. मग मालकाच्या संमतीने ती एका बाजूने जॅकवर थोडी उचलावयाची आणि दार उघडून पाहावयाचे. एरवी सहज उघडणारे दार आता अडकले, तर मोटार मधोमध वाकते आहे असे समजावे.

इंजिनाची पाळी त्यानंतर येते. पारखी प्रथम त्यावरील झाकणाला तळहात लावतो. ते आधीच ऊबदार असेल, तर थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते हे लपविण्याचा बेत असू शकतो. निळसर धूर निघाला तर तेल जळते आहे. पण इंजिन पाने घेऊन दुरुस्त करता येते, त्याचे सुटे भागही मिळतात. उंबरे कापून नवे सांधावयाचे, तर खर्च कधी मोटारीच्या किमतीहून वर जातो. आणि तसेच ठेवले, तर अपघातात आत बसलेल्यांचा जीव धोक्यात येतो.

पूर्वी सक्तीच्या वार्षिक तपासणीत असले दोष उघडकीस येत. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा फेरबदल न झालेल्या मोटारींना त्या तपासणीतून सूट मिळाली. म्हणून पारखी जुन्या तपासण्यांचे कागद मागून घेतो आणि कोणत्या वर्षी कोणत्या उंबऱ्याविषयी काय लिहिले होते, ते सावकाश वाचतो. कागद नसतील, तर विजेरी घेऊन तो पुन्हा मोटारीखाली डोकावतो.