पिशवी काढताना : रोजनिशीतील काही पाने

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार

हिमोग्लोबिन 8.1. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. दहाच्या वर गेल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. तोवर शिरेतून लोहाची सलाईन. बाकी सगळं ठरलेलंच आहे : गाठी झालेली गर्भाशयाची पिशवी दुर्बिणीतून काढायची, अंडाशयं ठेवायची. नवीन एकच. चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी लिहिलं, ‘पेल्व्हिक फ्लोअर फिजिओ, ऑपरेशनआधी’. शिंकलं की लघवीचे थेंब निसटतात, हे मी आज प्रथमच सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावून विषय बदलला नाही, याचं मोल मला फार वाटलं.

16 नोव्हेंबर, शनिवार

सांगलीहून मिरजेला जाऊन आले. फिजिओथेरपिस्ट तिशीतली, शांत बोलणारी. तिनं आधी कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा माझ्या हातात दिला. मी दहावीला शास्त्र शिकवते. गर्भाशयाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते, पण त्याच्याखालचा तळ मी कधी काढला नाही. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या सगळ्यांचा भार तिच्यावर, आणि लघवीची, योनीची, शौचाची वाट तिच्यातूनच. शिवाय गर्भाशयाला मागून आणि बाजूंनी बंध धरून असतात. पिशवी काढली की योनीचं वरचं टोक शिवून बंद करतात आणि बहुधा त्याच बंधांना टाके घालून ते धरून ठेवतात. स्नायू ढिले असतील तर भार बंधांवर आणि टाक्यांवर येतो.

मग म्हणाली, “मॅडम, हातमोजा घालून एका बोटानं आतून तपासू का? नको वाटलं तर नाही म्हणा, बाहेरूनही अंदाज घेता येतो.” इतक्या वर्षांत तपासणीआधी मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

“चारचौघांत वायू अडवतो ना, तसं आवळा आणि आत, वर ओढा.” पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. ताकद पाचपैकी दोन निघाली. ती म्हणाली, तोंडी सांगून घरी पाठवलं तर पुष्कळ बायका वर ओढण्याऐवजी खाली कुंथतात आणि महिनोन्‌महिने तेच करत राहतात. 1991 साली अमेरिकेतल्या एका तपासणीत सुमारे चौथा हिस्सा बायका असं करताना आढळल्या होत्या. आर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 साली हे व्यायाम मांडले तेव्हा त्याच्याकडे दाब मोजायचं उपकरणसुद्धा होतं. आता त्याचं नाव तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे, तपासून शिकवणं गळून गेलं.

आवळण्याइतकंच सोडणंही शिकायचं. काहींचे स्नायू सदा ताठ असतात, त्यातून दुखणी येतात. त्यांना आधी सैल व्हायलाच शिकवावं लागतं. म्हणजे कुणाच्या सांगण्यावरून सगळ्यांनी एकच व्यायाम करणं बरोबर नाही.

माझ्यासाठी : आठ वेळा आवळून धरणं आणि तेवढाच वेळ सोडणं, दिवसातून तीनदा. लघवी मध्येच अडवून व्यायाम नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की त्याआधी क्षणभर आवळायचं. जाताजाता करून घेऊ म्हणून उगाच लघवीला जायचं नाही, आणि पाणी तोडायचं नाही.

20 नोव्हेंबर, बुधवार

आज मतदान. वैद्यकीय कारणानं ड्यूटीतून नाव निघालं. शाळेतल्या बाकीच्या जणी कालपासून केंद्रावर आहेत. धड स्वच्छतागृह नसलं की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, मीही असेच दिवस काढले आहेत. दाट लघवीनं मूत्राशय चिडतं. निवडणुकीच्या महिला कर्मचाऱ्यांना पाणी पिता येईल एवढी सोय ही मागणी क्षुल्लक नाही.

23 नोव्हेंबर, शनिवार

दुसरी भेट. सरळच विचारलं, ऑपरेशनच्या आधी-नंतर हे करून फायदा होतो हे सिद्ध झालंय का? तिनं आडपडदा ठेवला नाही. अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनसोबत असे व्यायाम दिलेल्या बायकांचा मोठा अभ्यास 2014 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. सहा महिन्यांनी लघवीच्या तक्रारींत त्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पण माझं ऑपरेशन निराळं, आणि मला मुळात थेंब निसटण्याची तक्रार आहे. तिच्यावर या व्यायामाचा उपयोग चांगला तपासलेला आहे. इंग्लंडची ‘नाइस’ ही संस्था अशा तक्रारीला आधी निदान तीन महिने देखरेखीखालचा व्यायाम द्या म्हणते. जेवढं खरं तेवढंच सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

27 नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या वाटेवर उसाच्या फडात टोळ्या आल्या आहेत, बीडकडच्या. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. तीस-चाळीस किलो तरी असावी. दिवसभरात अशा किती!

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं. 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, अंगावरून पांढरं जातंय म्हटलं की कॅन्सरची भीती घालतात, आणि उचल घेऊन ऑपरेशन होतं. मग त्याच हंगामात पुन्हा मोळी डोक्यावर. मला सलाईन, तपासणी, रजा, फिजिओ सगळं मिळतंय. यांच्यातल्या एखादीला ‘सहा आठवडे जड उचलू नका’ हे वाक्य कोणी सांगितलंच, तरी ते पाळायला तिच्याकडे काय आहे? पहिला उपाय नको असलेली ऑपरेशनं थांबवणं, हे मी इथे ठामपणे लिहून ठेवते.

4 डिसेंबर, बुधवार

हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं आणि काल ऑपरेशन झालं. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखतोय. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे असं होतं म्हणे. सकाळी लघवीची नळी काढली. लघवी झाली. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचं. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. घोट्यांच्या हालचाली, खोल श्वास, वऱ्हांड्यात फेऱ्या. आवळण्याचा व्यायाम नळी असताना नाही; आता अगदी हलका, दुखलं की थांबायचं.

9 डिसेंबर, सोमवार

घरी. पोट साफ न होणं हाच या दिवसांतला मोठा शत्रू आहे, कारण कुंथलं की सगळा जोर आतल्या ताज्या टाक्यांवर. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट, आणि श्वास रोखून जोर करायचा नाही. ह्यांनी पाण्याची कळशी आणि कुकर स्वतःकडे घेतले. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले आहेत. त्यांना वाटतं मी अंथरुणातच राहावं. मी घरात चालते, त्या रागावतात.

19 जानेवारी 2025, रविवार

मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं, आतली जखम भरली आहे. नवरा-बायकोच्या संबंधांना हरकत नाही, घाई करू नका, दुखलं तर थांबा आणि या, असं त्यांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं. व्यायाम आता बसून, मग उभ्यानं. वजन उचलताना श्वास सोडायचा आणि त्याआधी आवळायचं.

आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तिळगूळ देता देता मी सांगून टाकलं की मी कसला व्यायाम करते. क्षणभर सगळ्या गप्प, आणि मग एकेक बोलायला लागली. एक जण दोन वर्षं लग्नाला जात नाही, कपडे ओले होतात म्हणून. एकीची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली, का ते तिला आजही माहीत नाही. “वय झालं की व्हायचंच,” असं बहुतेकींना वाटत होतं. वयानं आणि बाळंतपणांनी हे वाढतं हे खरं, पण सोसत बसायलाच हवं हे खोटं.

2 फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंनी आज स्वयंपाकघरात जवळ बोलावलं. “सूनबाई, माझं अंग बाहेर येतं गं. तुझ्या नणंदेच्या वेळच्या बाळंतपणापासून.” म्हणजे पन्नास वर्षं! लंगोट कसून त्या हंडे वाहत राहिल्या, वाऱ्या करत राहिल्या. ऑपरेशन नको म्हणतात. त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे. आतून आधार देणारी सिलिकॉनची रिंग बसवता येते.

5 मार्च, बुधवार

आज मिरजेला पुन्हा मोजमाप झालं. ताकद पाचपैकी चार. गेल्या आठवड्यात सर्दीनं शिंकून हैराण झाले, पण कपडे कोरडे राहिले. सासूबाईंना रिंग बसली आहे. त्या आता देवळापर्यंत विनासायास जातात.

पिशवी काढायला सांगितलेल्या बहिणींनो, आधी विचारा : काढायलाच हवी का, दुसरा उपाय आहे का, अंडाशयं राहणार का? मग विचारा, मला फिजिओकडे कधी पाठवणार? आणि डॉक्टरांनो, त्यांनी विचारायची वाट पाहू नका. माझ्या डॉक्टरांनी लिहिली तशी एक ओळ प्रत्येकीच्या चिठ्ठीवर लिहा.