टोचन

आम्ही मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मास्तर. घरी ट्रकचा धंदा. अब्बांनी सोडलेलं स्टिअरिंग भाईजाननी धरलं आणि आम्ही बी.एड. करून खडू धरला. सुट्टीत मात्र कधीमधी भाईजानच्या शेजारी केबिनमध्ये बसतो.

2022 च्या मे महिन्यात मामूंचा रिकामा ट्रक कसारा घाटाच्या पायथ्याशी बंद पडला. भाईजान म्हणाले, "चल, टोचन करून आणू." मध्ये लोखंडी दांडी लावली, बिस्मिल्ला म्हटलं आणि निघालो. सपाटीवर सगळं ठीक होतं. चढ लागला, गिअर खाली आला आणि इंजिनातून फूस्स असा आवाज सुरू झाला. गाडीची ओढ कमी झाली, मागे काळा धूर. भाईजाननी रेसवरचा पाय उचलला की आवाज बंद, दाबला की पुन्हा सुरू.

कसाबसा घाट चढून रस्त्यालगतच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. उभ्या इंजिनात आवाज येईना. तरी तो म्हणाला, "टर्बो गेला. इंजिनही उघडावं लागेल. साठ हजार धरा." भाईजान गप्प झाले. गाडीचे हप्ते चालू होते, घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. रात्री सावकाश मालेगाव गाठलं.

सकाळी अब्बांच्या वेळचे उस्ताद आले. त्यांनी पाना उचललाच नाही, आधी प्रश्न विचारले. आवाज कधी येतो? टक्‌टक् की फूस? धूर कोणत्या रंगाचा? निळा असता तर ऑइल जळतंय असं समजलो असतो, म्हणाले. काळा म्हणजे डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडतेय.

मग आम्हाला समजावलं. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि इंजिनात हवा कोंबतं. गाडी उभी असताना हा दाब जवळजवळ नसतोच. वजन ओढताना तो वाढतो, आणि कुठे फट असेल तर हवा तिथूनच निसटते. त्यांनी टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला, ढिला नव्हता. मग हवेच्या रबरी होजवरून हात फिरवला. खालच्या बाजूला एका जागी तेलकट काळा डाग होता. होज काढून वाकवला, तेव्हा तिथे बोटभर चीर उघडली. सोडला की पुन्हा मिटली.

नवा होज, दोन क्लिपा. हजाराच्या आत काम झालं. हात पुसत उस्ताद म्हणाले, "मास्तर, रिकाम्या गाडीत हा आजार दिसत नाही. वजन लावून ऐकावं लागतं."

बी.एड.ला आम्ही निदानात्मक चाचणीवर दहा पानं लिहिली होती, चांगले गुणही मिळाले होते. पण त्या दिवशी आठवला तो आमच्या सातवीतला एक मुलगा. मराठीच्या तासाला उभा केला की अडखळायचा. उर्दूत 'ळ' नाही, तो 'शाळा'ला 'शाला' म्हणायचा. वर्ग हसायचा. खोटं कशाला बोलू, एकदा आम्हीही हसलो होतो. त्याच्या प्रगतिपुस्तकात आम्ही 'मराठी कच्चे' असं लिहून टाकलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याला मधल्या सुट्टीत एकटा बोलावून धडा वाचायला दिला. 'ळ' सोडला तर पूर्ण पान न अडखळता वाचलं, अर्थही सांगितला. म्हणजे इंजिन ठीक होतं. चीर भरल्या वर्गासमोर उघडत होती, आणि ती पाडण्यात आमचाही हात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात कबूल केलं की लहानपणी आम्हीही 'शाला'च म्हणायचो. मग सगळ्यांनी मिळून 'ळ' म्हटला. कुणाचा आला, कुणाचा नाही. तो मुलगा पुढे हळूहळू वाचायला उभा राहू लागला. 'ळ' अजूनही कधी कधी निसटायचा. वर्ग मात्र हसत नव्हता.

पुस्तकातली ती नोंद आम्ही खोडली. शाईचा डाग राहिला, तो राहू दिला.