पगार झाला का?

मुळशी तालुक्याचे नाव काढले की जुन्या माणसांना सेनापती बापट आणि १९२१ चा सत्याग्रह आठवतो, पुणेकरांना पावसाळ्यातला ताम्हिणी घाट आठवतो आणि खवय्यांना आंबेमोहोर तांदूळ आठवतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या तालुक्याला आणखी एक ओळख मिळाली आहे. पौडच्या बाजूला महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ मध्ये सुरू झाले. लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिसचे अभिमत विद्यापीठ उभे राहिले. त्याच लवळ्यात २०१५ पासून फ्लेम विद्यापीठ आहे. भाताची खाचरे होती तिथे आता वसतिगृहांच्या खिडक्या दिसतात. सकाळी चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट असा जो वाहनांचा लोंढा निघतो, त्यात आयटीवाल्यांइतकेच शिकवणारेही असतात.

त्या लोंढ्यात एक गाडी आमची. आम्ही पाच जण. तीन मुसलमान, एक बौद्ध आणि एक भोरकडचा मराठा. गाडी एकाची, पेट्रोल पाचांचे. आमच्या संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही. या लेखात ‘आम्ही’ म्हणजे ही पाच माणसे. महिन्याच्या सात तारखेपासून गाडीत बसल्यावर सलामाच्या आधी एकच प्रश्न निघतो, “सर, पगार झाला का?” उत्तर ठरलेले, “मेसेज नाही आला अजून. इन्शाअल्लाह दहापर्यंत होईल.” दहाचे पंधरा होतात, पंधराचे पंचवीस होतात. मग प्रश्न विचारणेच बंद होते.

प्राध्यापक हा शब्द आपल्या समाजात आजही वजनदार आहे. मोहल्ल्यात लग्नाची बोलणी चालली असली आणि कोणी “मुलगा कॉलेजात प्रोफेसर आहे” म्हटले, की पुढचे प्रश्न थांबतात. त्या मुलाच्या हातात अकरा महिन्यांचा करार आहे, की तो तासिका तत्त्वावर म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे मिळवत शिकवतो, हे कोणी विचारत नाही. विचारले तर तो सांगत नाही. रिक्षावाल्याची रिक्षा बंद पडली तर गल्लीला कळते. प्राध्यापकाचा तीन महिन्यांचा पगार थकला तर घरातल्या माणसांनाही उशिरा कळते. शर्टाला इस्त्री असते, हातात पुस्तक असते, आणि खिशात पेट्रोलचे पैसे दुसऱ्याचे असतात.

आमच्या संस्थेत चार वर्षांत तीन प्रमुख झाले. पहिल्यांना शोधनिबंध हवे होते, दुसऱ्यांना प्रवेश हवे होते, तिसऱ्यांना नॅकच्या फायली हव्या आहेत. प्रत्येक जण आपापल्या परीने चांगलाच माणूस. पण माणूस बदलला की आधीच्याने तोंडी दिलेला शब्द त्याच्याबरोबर जातो. “पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करू” हे वाक्य आमच्यातल्या एकाने तिघांच्याही तोंडून ऐकले आहे.

मोठ्या विद्यापीठांतही हे चुकलेले नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत मे २०२२ मध्ये संपली आणि पूर्णवेळ कुलगुरू मिळाले ते जून २०२३ मध्ये. मधले वर्ष प्रभारी कारभारात गेले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तर खुर्ची आणि पैसा दोन्ही प्रश्न एकदमच आले. २०२३ मध्ये नेमणुकांचे अधिकार केंद्र सरकारकडे गेले, आणि जून २०२४ च्या अखेरीस टाटा एज्युकेशन ट्रस्टचे अनुदान पुढे मिळालेले नाही, या कारणाने शंभरावर कंत्राटी अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची पत्रे गेली. ओरड झाली, ट्रस्टने निधी देण्याचे मान्य केले आणि दोनच दिवसांत पत्रे मागे घेतली गेली. त्यातले कित्येक जण तिथे दहा-दहा वर्षांहून अधिक काळ शिकवत होते. पत्र मागे घेता येते, पण ते वाचताना जी धडकी भरली ती मागे घेता येत नाही. त्याआधी २०१७-१८ मध्ये पुण्यातल्या सिंहगड संस्थेच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी कित्येक महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी असहकार पुकारला होता. खासगी महाविद्यालयांत कारण बहुधा एकच सांगितले जाते: शासनाकडून शिष्यवृत्तीची आणि फी-प्रतिपूर्तीची रक्कम आलेली नाही. ते कारण पुष्कळदा खरेही असते. पण किराणावाल्याला ते कारण चालत नाही.

आमच्या मुलामुलींचा रस्ता याहूनही अरुंद झाला आहे. अल्पसंख्याक समाजातल्या पीएच.डी. करणाऱ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. कारण दिले ते असे, की अशा विद्यार्थ्यांना इतर योजना उपलब्ध आहेतच. राज्यात २०२४ मध्ये बार्टी, सारथीच्या धर्तीवर ‘मार्टी’ ही संस्था मंजूर झाली, हे चांगलेच झाले. पण दोन योजनांच्या मधल्या फटीत जी दोन-तीन वर्षे गेली, त्यात कितीतरी प्रबंध अर्धे राहिले. आज ज्याचा प्रबंध अर्धा राहतो, तो उद्या वर्गात उभा राहत नाही.

तिसरी चिंता व्हिसाची. ती आमच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी आली.

आमच्यातल्या एका भगिनीला २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेकडून दोन वर्षांच्या संशोधनाचे बोलावणे आले. त्या रत्नागिरीकडच्या, घराण्यात पहिल्या पीएच.डी. अब्बांनी आखातात तीस वर्षे गवंडीकाम केले, म्हणजे व्हिसा हा शब्द त्या घरात नवा नव्हता. मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी आणि संशोधक व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणेच थांबवले. जूनमध्ये पुन्हा सुरू केले ते समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना खुली ठेवण्याच्या अटीवर. सप्टेंबरमध्ये नोकरीच्या नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. म्हणजे संशोधन संपल्यावर तिथे नोकरी धरण्याची वाटही अवघड झाली. इकडे कार्यालयातून विचारणा सुरू झाली, “मॅडम, तुम्ही जाणार की राहणार? आम्हाला तास कोणाला तरी द्यावे लागतील.” त्या ना जाणाऱ्यांत होत्या, ना राहणाऱ्यांत. २०१७ च्या जानेवारीत सात मुस्लिमबहुल देशांवर प्रवेशबंदी आली होती, त्या यादीत भारत नव्हता. तरीही अब्बा रोज फोनवर विचारायचे, “बेटा, नावामुळे तर नाही ना अडवत?” याचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशी नव्हते.

दुसरी बाजू काबूलची. पुण्यात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत आले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ ला तिथली राजवट कोसळली. कोविडमुळे घरी गेलेले पुष्कळ विद्यार्थी तिकडेच अडकले, कारण आधी दिलेले व्हिसा रद्द झाले. जे इथे होते त्यांचे घरून येणारे पैसे थांबले. आमच्या ओळखीचा एक जण हेरातचा, इथे एम.ए. करत होता, पण तिकडे स्वतः विद्यापीठात शिकवणारा. जमातीने त्याला रेशन दिले, खोलीचे भाडे दिले, अल्लाह त्यांना जजा देवो. एकदा चहा पिताना तो म्हणाला, “सर, खाना मिल रहा है. लेकिन मैं उस्ताद था.” विद्यार्थी व्हिसावर त्याला पगारी काम करता येत नव्हते. मग आम्ही त्याच्याकडे दर रविवारी फारसी शिकू लागलो. आमच्यातल्या इतिहासाच्या सरांना पेशवाईतली फारसी कागदपत्रे वाचायची होतीच. फळा आणला, खडू आणला. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या उच्चारांवर रागावून पाय आपटला, तेव्हा तो पुन्हा उस्ताद झाल्याचे आम्ही पाहिले. शिक्षकाला आधार देणे म्हणजे त्याला जेवू घालणे तर आहेच, पण त्याला शिकवू देणेही आहे.

परक्या मुलखातल्या माणसाची अडचण ओळखण्यातूनच मुळशीतली एक मोठी संस्था जन्मली, हेही ध्यानात ठेवावे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे एकटेपण पाहिले आणि त्यांच्या आधारासाठी १९७१ मध्ये सिम्बायोसिस सुरू केले. विद्यापीठाचा दर्जा २००२ मध्ये आला. आधी आधार होता, इमारत मागून आली.

आपल्या दख्खनच्या इतिहासात याहून जुना दाखला आहे. बहमनी वजीर महमूद गवान हा इराणच्या गिलानचा. त्याने १४७२ मध्ये बिदरला मदरसा बांधला. दूरदूरचे विद्वान तिथे बोलावले. सुमारे तीन हजार हस्तलिखिते तिथे होती असे सांगतात. परंतु दरबारात आफाकी म्हणजे बाहेरचे आणि दखनी म्हणजे इथले, असा झगडा पेटलेला होता. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारावर सुलतानाने गवानची हत्या करवली. मदरशाची इमारत, मोडकी का होईना, आजही उभी आहे. सहलीला गेलो की आपण तिच्या निळ्या-हिरव्या फरशा पाहतो आणि गवानचे नाव घेतो. ज्या मुदर्रिसांना त्याने दूरदेशाहून आणले, त्यांचे पुढे काय झाले? त्यांचा वजिफा कोणी चालू ठेवला? हे पर्यटकाला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

हीच आमची मुख्य तक्रार आहे, आणि ती कोणा एकाविरुद्ध नाही. आपल्या समाजाने शिक्षणासाठी कमी केलेले नाही. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची आहे, पुण्याचे आझम कॅम्पस आपल्या डोळ्यांसमोर वाढले. रमजानमध्ये विद्यार्थ्यांच्या फीसाठी जकात गोळा होते, वह्या वाटल्या जातात, दहावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात. इमारतीला पैसा मिळतो, कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. विद्यार्थ्याला मिळतो, कारण तो लहान आहे, मागू शकतो. शिकवणारा मात्र कोणत्याच यादीत बसत नाही.

आमच्या गाडीत यावर वाद झाला. एक जण म्हणाले, जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे, मग थकलेल्या पगाराचा प्राध्यापक का नाही? शरीयतीने हरकत नसेलही. पण ज्यांना गरज होती त्यांनीच हात जोडले, “जकात नको. उद्या वर्गात मान वर होणार नाही.” तेव्हा कर्ज-ए-हसनाचा विचार पुढे आला. बिनव्याजी कर्ज, परत करायचे, पण तगादा लावायचा नाही. भोरचे सर म्हणाले, “आमच्याकडे भिशी असते, तसंच ना?” जवळपास तसेच, फक्त यात नंबर लागत नाही, गरज लागते.

पाच जणांनी महिन्याला हजार-हजार टाकून सुरुवात केली. आता एकोणीस जण आहेत. हिशेब भोरच्या सरांकडे, कारण ते गणिताचे आणि स्वभावाने घट्ट. नियम तीन. मागणी फक्त त्यांच्याकडे करायची. कारण विचारायचे नाही. पगार झाला की हप्त्याने परत करायचे. या पेटीतून एकाच्या आईचे डायलिसिस झाले, एकाच्या मुलीची शाळेची फी गेली, रत्नागिरीच्या मॅडमची व्हिसाची फी गेली. त्यांच्या तासांचा प्रश्न आला तेव्हा आम्ही चौघांनी लेखी दिले, की सत्र संपेपर्यंत गरज पडल्यास त्यांचे तास आम्ही वाटून घेऊ, तोवर जागा भरू नये. प्रमुखांनी ते मानले. पुढे तिकडूनच पत्र आले, प्रयोगशाळेचे अनुदान कापले गेले, बोलावणे पुढे ढकलले आहे. ते पत्र आले तेव्हा त्यांच्या हातातली इथली नोकरी शाबूत होती. आम्हाला एवढेच जमले.

पैशाइतकीच कागदाचीही मदत लागते, हे यातून कळले. नेमणुकीचे पत्र, प्रत्येक महिन्याची पगारपट्टी, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, अनुभवाचा दाखला हे सगळे वर्षाला एकदा एकत्र बसून तपासतो. कुणी तोंडी आश्वासन दिले तर त्याच संध्याकाळी आदराने ईमेल पाठवतो, “आजच्या बोलण्याप्रमाणे...” खासगी शाळांतल्या शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क देणारी २००९ ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरवली, हे कित्येक शिक्षकांना सांगावे लागते. साहेब बदलतात, कागद राहतो.

ही पेटी पगाराची जागा घेऊ शकत नाही. पगार वेळेवर देणे हे संस्थेचे काम आहे आणि अनुदान वेळेवर देणे शासनाचे. त्यासाठी भांडावेच लागेल. पण भांडायलाही घरात पीठ असावे लागते. प्रत्येक शहरात आपले ट्रस्ट आहेत, जमाती आहेत, माजी विद्यार्थ्यांची मंडळे आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांच्या निधीशेजारी एक लहानसा कर्ज-ए-हसनाचा निधी शिकवणाऱ्यांसाठी ठेवावा. त्याला पाटी नको, सत्कार नको, फोटो तर मुळीच नको. आणि ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांची विचारपूस करताना, तब्येतीबरोबर आणखी एक प्रश्न हळूच विचारावा, की सर, पगार झाला का?