कुरण
लॉस एंजेलिसहून निघताना भाच्याने गाडीत पाण्याच्या बारा बाटल्या टाकल्या. पुढे चार-साडेचार तास मोहावीचं वाळवंट, खुरटी झुडपं नि राखाडी डोंगर. मग एका उतारावर एकदम लास वेगास. दुपारच्या उन्हात ते जत्रेतल्या बंद पाळण्यासारखं ओकंबोकं दिसलं.

"मावशी, लास वेगास म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं," भाचा म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच इथे जमिनीतून झरे यायचे, त्यावर गवत पोसायचं, वाटसरू जनावरांना पाणी पाजून पुढे जायचे. त्या पाण्यापायीच रेल्वे इथे थांबली, १९०५ च्या मे महिन्यात तिने भूखंडांचा लिलाव केला आणि गाव वसलं. १९३१ मध्ये नेवाडाने जुगाराला मोकळीक दिली. गाव फुगत गेलं, जमिनीतला उपसा वाढला, आणि १९६२ पर्यंत झरे वर यायचेच थांबले. कॅसिनो वगळले तर ही गोष्ट आमच्या मराठवाड्यातला कुणीही सांगेल.

कॅसिनोत खिडकी नाही, घड्याळ नाही. मी गालिचाच बघत राहिले. वीतभर पानं, जांभळी फुलं, एकमेकींत गुंतलेल्या वेली. शेजारच्या जुगाराच्या यंत्रापाशी साठी ओलांडलेली एक बाई चपला काढून, त्या फुलांवर अनवाणी पाय टेकवून बटण दाबत होती. चित्रं फिरत, थांबत, तिचा चेहरा तसाच. माझे वीस डॉलर अकरा मिनिटांत गेले. वेळ भाच्याने मोजली.

रात्री बेलाजिओ हॉटेलसमोर आठ एकरांच्या तळ्यात कारंजी नाचू लागली. लोक मोबाइल उंचावून उभे, आणि मी मनात टँकर मोजतेय! टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण माझा राग चुकीच्या जागी होता. हे पाणी तिथल्या जुन्या गोल्फ मैदानासाठी खोदलेल्या विहिरीचं. हॉटेलांच्या न्हाणीघरातलं पाणीही शुद्ध होऊन, ते जिथून येतं त्या कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरात परत जातं. वाया जातं ते गवतावर शिंपलेलं. वर्षाला जेमतेम चार इंच पावसाच्या गावात हिरवळ हाच खरा जुगार. म्हणून २०२१ मध्ये कायदा झाला: घरांची अंगणं वगळता, नुसत्या शोभेच्या गवताला २०२६ संपल्यावर कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. कुरणांच्या गावात गवताला बंदी!

दुसऱ्या दिवशी हूवर धरण पाहिलं. त्यामागच्या मीड सरोवराच्या काठच्या खडकांवर उंचच उंच पांढरा पट्टा होता, हंड्यातलं पाणी खाली गेलं की क्षाराचा राहतो तसा. त्यापुढे भिंतीची भव्यता मला फारशी आठवत नाही.

परतताना एका दुभाजकावर तीन कामगार हिरवळ पट्ट्यापट्ट्यांनी कापून सतरंजीसारखी गुंडाळत होते. सिग्नल लाल होता. भाच्याने काच खाली केली, तर ओल्या मातीचा वास आत आला. ट्रकमध्ये रचलेल्या एका गुंडाळीतून अजून पाणी ठिबकत होतं.