मामाजी उठून गेले तेव्हा

लाखांदूर,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सखे,

'फार्गो' हा सिनेमा बघ म्हणून तू मिनियापोलिसहून तीनदा लिहिलंस, शेवटी बघितला. पण त्याआधी आमच्या घरी 'वाळवी'वरून काय रामायण झालं ते ऐक, म्हणजे मला 'फार्गो' का भिडला ते कळेल.

ऑगस्टात 'वाळवी'ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हापासून पुतण्या मागं लागला होता. मागच्या रविवारी त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. परेश मोकाशींचा म्हटल्यावर मामाजींना 'एलिझाबेथ एकादशी' आठवला आणि ते खुर्ची पुढं ओढून बसले. त्यांना वाटलं, तसंच काही गोड असेल.

आणि निघालं काय? अनिकेतला, म्हणजे स्वप्नील जोशीला, बायको नको झालीय. दोघांनी मिळून जीव द्यायचा असं तो तिला पटवतो, आणि मैत्रिणीच्या मदतीनं मारायचं मात्र तिला एकटीलाच. अनिता दातेची अवनी बिचारी त्याच्यावर विश्वास ठेवून आहे. पुढं सगळा बेत फसत जातो आणि आपण हसत जातो. शेवट सांगत नाही. नाव वाळवी का, तेही तूच बघ.

अर्ध्यात मामाजी उठले. "मानूस मरते अन् तुमी हासता?" एवढंच बोलले आणि अंगणात जाऊन बसले. जाऊबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या, त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "मी मेलेल्याले नाही हासत, मारणाऱ्याची फजिती होते त्याले हासतो." पुतण्याचं म्हणणं, यात रक्त आहेच किती, इंग्रजी सिनेमे बघितले तर कळेल. आत्याबाई शेवटपर्यंत बसल्या, एकदाही हसल्या नाहीत आणि उठताना म्हणाल्या, "कोनी रडलंच नाही बाई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

रात्री मी मामाजींशी भांडले. म्हटलं, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला तुम्ही पहाटेपर्यंत बसता, त्यात काय खून नसतात? तिथं तर शिट्ट्या पडतात. आपलं झाडीपट्टीचं नाटक विनोदाशिवाय उभंच राहत नाही. २०२३ साली त्याच रंगभूमीवरच्या आपल्या परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशापासून इथपर्यंत लोकांना घरातलाच माणूस मोठा झाल्यासारखं वाटलं होतं. मामाजी शांतपणे म्हणाले, "नाटकात तो हासवनारा मागून येते. डोरे पुसाले येते. मुर्द्यापाशी नाही हासवत तो."

मला उत्तर सुचलं नाही. खरंच, आपल्याकडं रडू आणि हसू पाळीपाळीनं येतात. बाई ऊर बडवून गेली की विनोदी पात्र येतं, मंडपात हशा पिकतो आणि माणसं पुन्हा रडायला मोकळी होतात. मोकाशींनी ही पाळीच मोडून टाकली. आणि दुसरं म्हणजे आत्महत्या हा शब्द. तू इथली आहेस, तुला सांगायला नको. विदर्भात हा शब्द प्रत्येकानं कुणाच्या तरी ओसरीत बसून ऐकलेला आहे. मामाजी तर तिरडी बांधायला गेलेत. त्यांचा राग मला जुन्या वळणाच्या माणसाचा हट्ट वाटत नाही, तो त्यांचा हक्क आहे.

मग तुझा १९९६चा 'फार्गो' बघितला आणि चाटच पडले. तिथंही नवराच! सासऱ्याकडून पैसे उकळायला बायकोला पळवून न्यायला लावतो, आणि मुडद्यांवर मुडदे पडत जातात. हिंसा 'वाळवी'पेक्षा कितीतरी जास्त. तुमच्या मिनेसोटाची बोली अशी रंगवली म्हणून काही लोक रुसले होते, तसं आपली झाडी बोली टीव्हीवर ऐकली की मीही कान टवकारते. पण गं, त्यात ती मार्ज आहे. सात महिन्यांची पोटुशी पोलीसप्रमुख. खुन्याला गाडीत बसवून नेताना तिला मनापासून वाईट वाटतं, की थोड्याशा पैशासाठी एवढं सगळं! ती एकटी हळहळते म्हणून बाकीचं हसणं मला जड गेलं नाही. आत्याबाई 'वाळवी'त तिलाच शोधत होत्या, असं मला वाटतं.

तरी मला 'वाळवी' आवडला आणि मी तसं घरात ठासून सांगितलं. मोकाशींनी मार्जची जागा मुद्दाम रिकामी ठेवली असावी. कुणीच कुणासाठी रडत नाही, हीच त्या माणसांना लागलेली कीड आहे. पण अवनीच्या डोळ्यांतला तो भाबडा भरवसा बघताना माझं हसू दोनदा अडकलं, आणि ते अडकलं नसतं तर मी मामाजींच्या बाजूनं उठून गेले असते.

तू 'वाळवी' बघच, आणि तुझ्या तिथल्या शेजारणीलाही सोबत बसव. ती कुठं हसते ते सांगू नकोस. कुठं हसायची थांबते, तेवढं मात्र आठवणीनं लिही. मामाजींना वाचून दाखवीन.

तुझीच,
लाखांदूरवाली