बाबा चमत्कारला हसायचं की नाही?

परवा चहाच्या गाड्यावर कॉलेजच्या दोन पोरांची जुंपली होती. विषय पाणी नाही, आरक्षण नाही, निवडणूक नाही. विषय काय, तर मराठी सिनेमातले किरकोळ व्हिलन. एक म्हणत होता, आपल्या लोकांनी व्हिलनचा पार पचका करून टाकला, ‘धडाकेबाज’ आता नव्याने काढला तर कवट्या महाकाळ जोकरसारखा डार्क पाहिजे. दुसरा म्हणत होता, गप रे, त्यातली मजाच जाईल. मी पेपर वाचायचं नाटक करत ऐकत बसलो. घरी आल्यावरही विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक करून पुढे जावं.

कवट्या महाकाळ आम्हा जतकरांना तसा शेजारीच वाटतो. सांगलीकडे निघालं की कवठे महांकाळ तालुका लागतो. १९९० साली सिनेमा आला आणि त्यानंतर तिकडच्या पाहुण्यांची आमच्याकडे जी थट्टा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. मी तो यल्लमाच्या यात्रेत, तंबूत बघितला. घोड्यावरचा तो कवटीचा मुखवटा पडद्यावर आला की पुढची सगळी पोरं गप्प व्हायची, आणि लक्ष्या आला की तीच पोरं शिट्ट्या मारायची. म्हणजे भीती आणि हसू एकाच तिकिटात. महेश कोठारेंना हे गणित बरोबर जमलं होतं. १९८९च्या ‘थरथराट’मधला राहुल सोलापूरकरांचा टकलू हैवान आठवा. नाव ऐकून हसू येतं, पण माणूस समोर आला की येत नाही.

त्या वयात आम्ही कॉमिक्सही भाड्याने आणून वाचायचो. प्राण यांच्या चाचा चौधरीत दोन जातीचे गुंड असायचे. एक राका, औषध पिऊन अमर झालेला राक्षसी डाकू, त्याला चाचाही टरकून असायचा. दुसरे धमाकासिंग, गोबरसिंग आणि बिननावाचे बँक लुटणारे, ज्यांचं काम शेवटच्या चौकटीत साबूचा मार खाणं एवढंच. इंद्रजालच्या वेताळात तर किरकोळ गुंडाला बोलायलाही जागा नसायची, एक ठोसा आणि हनुवटीवर कवटीची खूण. ती खूण मात्र जन्मभर जात नाही, असं सांगितलेलं असायचं. मला ते फार आवडायचं. गुंड फालतू होता, पण हिशोब फालतू नव्हता.

त्या पोराचा लाडका जोकरही काही जन्मापासून एकाच सुरात नाही. १९४०मध्ये बॅटमनच्या कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो थंडपणे खून करणारा होता. १९५४मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर आचारसंहिता आली, त्या काळात त्याचा चक्क खोड्या काढणारा विदूषक झाला. सत्तरच्या दशकात तो पुन्हा खुनी झाला. म्हणजे हा वाद तिकडेही मिटलेला नाही.

पण यासाठी अमेरिकेला कशाला जायचं, आमचा सांगली जिल्हाच पुरेसा आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, मराठी रंगभूमी दिन आपण ५ नोव्हेंबरला त्यामुळेच साजरा करतो. त्या नाटकांत राक्षस कसा यायचा माहीत आहे ना? तोंड रंगवलेलं, हातात तलवार, समोर राळेचा भडका आणि ‘अलल्लल्ल डुर्र’ अशी आरोळी. पहिल्या प्रेक्षकांच्या काळजाचं पाणी होत असणार. पुढे लोक शिकले, अभिरुची बदलली, आणि त्या सगळ्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून नाकं मुरडली जाऊ लागली. राक्षस तोच, आरोळी तीच, बघणारा बदलला. कोकणातल्या दशावतारात मात्र संकासुराला सुरुवातीपासूनच विनोदी ठेवलंय. तो वेद चोरतो, प्रेक्षकांना खळखळून हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. हसवलं म्हणून सूट मिळत नाही. मला विचाराल तर आपल्या परंपरेतलं सगळ्यात शहाणं उत्तर हेच आहे.

आता ‘झपाटलेला’. १९९३. तात्या विंचूला आवाज दिलीप प्रभावळकरांचा, म्हणजे ज्यांनी दूरदर्शनवर चिमणराव म्हणून घराघराला हसवलं त्यांचा. बाहुला रामदास पाध्यांचा. एवढासा बाहुला चाकू घेऊन पळतोय, हे खरं तर हास्यास्पद दृश्य आहे, पण माझ्या पिढीतली कितीतरी माणसं अजून अंधारात बाहुली दिसली की दचकतात. तात्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी विचार करतोय तो बाबा चमत्कारचा. राघवेंद्र कडकोळांनी रंगवलेला तो मांत्रिक, ज्याच्याकडून तात्याला आत्मा दुसऱ्यात घालायचा मंत्र मिळतो. सिनेमातलं अगदी छोटं पात्र. आपण त्याला हसलो, त्याचा मंत्र गल्लीत ओरडत फिरलो, आजही त्याच्यावर मीम येतात. पडद्यावर त्या बाबाने कुणाला मळा विकायला लावलेला दिसत नाही. आणि गंमत म्हणजे पडद्यावर त्याचा मंत्र खरंच लागू पडतो!

जून २०२२. म्हैसाळ. ज्या म्हैसाळच्या योजनेच्या पाण्याकडे आमचा तालुका वर्षानुवर्षं डोळे लावून बसला, ते म्हैसाळ. २० तारखेला एकाच कुटुंबातले नऊ जण दोन घरांत मेलेले सापडले. पहिल्या दिवशी बातमी होती कर्जबाजारीपणातून आत्महत्येची. चिठ्ठ्या सापडल्या, सावकारांवर गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली. आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं की हा खून आहे, आणि एका मांत्रिकाला व त्याच्या साथीदाराला सोलापुरातून अटक केली. गुप्तधन काढून देतो असं सांगून त्याने पैसे उकळले होते, असं पोलिसांचं म्हणणं होतं. दोष ठरवणं कोर्टाचं काम, मी इथे पोलिसांनी तेव्हा सांगितलं तेवढंच लिहितोय. पण लक्षात घ्या, ती अडाणी माणसं नव्हती. शिकलेली, कमावती होती. आणि पहिल्या आठवड्यात आम्हा पत्रकारांसकट सगळा जिल्हा व्हिलन म्हणून कुणाकडे बघत होता? सावकाराकडे. कारण सावकार हा गंभीर व्हिलन. त्याच्यासाठी २०१४चा कायदा आहे, आंदोलनं आहेत, अग्रलेख आहेत. मांत्रिक कुणाच्या डोक्यातही आला नाही. तो आपल्या डोक्यात लिंबू-मिरची आणि कवट्यांच्या माळा घेऊन सिनेमात बसलेला असतो, मध्यंतरानंतर पाच मिनिटं हसवायला.

अशा प्रकरणांच्या बातम्या कशा येतात ते मी वीस वर्षं बघतोय. ‘भोंदूबाबाचा भांडाफोड’, ‘बाबाची बनवाबनवी’, बाजूला लिंबू, टाचण्या, काळी बाहुली यांचा फोटो. ‘भोंदू’ हा शब्दच असा आहे की तो उच्चारतानाच ओठावर हसू येतं. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कुटुंबाची बातमी मी दिली होती. आजारी पोरासाठी एका बाबाला त्यांनी टप्प्याटप्प्याने सोनं दिलं होतं, शेवटी गाय विकली होती. मी बातमी रकमेपासून आणि पोराच्या उपचारापासून सुरू केली होती. डेस्कवरून ती छापून आली ती यमक जुळवलेल्या मथळ्याखाली, सोबत बाबाचं व्यंगचित्र. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या बाईंचा फोन. रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “दादा, गाव हसायलंय.”

गाव बाबाला हसत नव्हतं. बाबा तर तालुका सोडून गेला होता. गाव त्या बाईंना हसत होतं. त्याच बाबाने गंडवलेली आणखी दोन-तीन घरं होती, मला नावासकट माहीत होती. त्यांपैकी एकही पोलिसांत गेलं नाही. कोण जाणार? तक्रार दिली की आपलाही विनोद होणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

म्हणून त्या दोन पोरांना माझं सांगणं असं की व्हिलन गंभीर की विनोदी हा प्रश्न अर्धवट आहे. हसू कुणाच्या अंगावर पडतंय ते आधी बघा. याची उलटी बाजूही आपल्या डोळ्यासमोर आहे. चौकात तलवारीने केक कापणारा, फ्लेक्सवर गॉगल लावून पंधरा ‘शुभेच्छुकां’च्या मध्ये उभा असलेला, रीलमध्ये स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरणारा गल्लीतला भाई. त्याला काय हवं असतं? गंभीर घ्यायला हवं असतं. आम्ही ‘कुख्यात’, ‘दहशत’, ‘टोळीप्रमुख’ असं लिहिलं की ते कात्रण तो स्टेटसला ठेवतो. अशा माणसाचा खुशाल गोबरसिंग करावा. त्याच्या व्यवसायाचं भांडवलच भीती असते, हसलात की भांडवल बुडालं. बाबाचं नेमकं उलट. तो मुळात हास्यास्पद दिसतच येतो. तुम्ही हसत असताना त्याचं काम चालू असतं, आणि तुम्ही हसताय म्हणून फसलेला माणूस तोंड उघडत नाही. तेव्हा ज्याला भीती घालायचीय त्याला हसा, आणि ज्याला बघून हसू येतं त्याची पावती-पुस्तकं तपासा.

आमच्या दुष्काळी भागात एक तिसरी जातही आहे, पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून किंवा कडुलिंबाची दुबेळकी काडी धरून शेतात फिरणारा. त्याच्यावर जतमध्ये जेवढे विनोद आहेत तेवढे कुणावर नसतील. मी त्याला व्हिलन म्हणणार नाही. कितीकांचा स्वतःच्या नारळावर खरोखर विश्वास असतो, आणि नारळ हातावर धरणं हा गुन्हाही नाही. पण त्याने दाखवलेल्या जागेवर बोअर मारून धुरळा निघाला की कर्ज डाळिंबवाल्याच्या नावावर चढतं, नारळवाल्याच्या नाही. विनोद सांगताना हे शेवटचं वाक्यही सांगत जा, एवढंच म्हणणं आहे.

२०१३ साली ‘झपाटलेला २’ आला, तात्या विंचू थ्रीडीत. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. आमच्या शेजारच्या साताऱ्याचा माणूस. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं घासली, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यांच्याही भाषणात भरपूर हशा असायचा. चमत्कार स्टेजवर करून दाखवायचा आणि त्यातली हातचलाखी उलगडून सांगायची, ही अंनिसची जुनी पद्धत. तिथे लोक हसायचे ते युक्तीला, फसलेल्याला नाही. आणि तसं हसवणाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या, म्हणजे ते हसू कुणाला तरी नीट लागलं होतं.

त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याचे स्रोत शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचे दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. एसटीच्या सीटमागे ‘प्रेमभंग, भाऊबंदकी, गुप्तधन, १०१ टक्के ग्यारंटी’ असे जे स्टिकर दिसतात, त्यांच्या शुद्धलेखनाला हसून झालं की फोटो काढा, नंबर नीट दिसेल असा, आणि पोलीस ठाण्यात द्या. घ्यायला कुणी कुरकुर केली तर मला इनबॉक्स करा, मी सोबत येतो. आणि कुणी फसलं असेल, स्वतः किंवा घरातलं, तर थेट फोन करा. नाव छापणार नाही, आणि मथळा काय असावा हे आधी तुम्हाला विचारेन.