आषाढातली कणगी

नाशिक म्हटलं की द्राक्षं, कांदा, टोमॅटो. लासलगाव-पिंपळगावच्या मार्केटमधले भाव दिल्लीपर्यंत ऐकू जातात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. इथं डोंगरउतारावर नागली-वरई, खाचरात भात, मधूनच उडीद आणि खुरासणी. बरंचसं पीक घरीच खायचं. अशा घरात ‘किती क्विंटल झालं?’ हे विचारून फारसं कळत नाही. ‘कोणत्या महिन्यात संपलं?’ असं विचारावं.

*

दिवाळीच्या सुमारास कणगी भरते. कुणाची होळीपर्यंत पुरते, कुणाची आखाजीपर्यंत. आषाढात आवणी. कंबरेत वाकून, दिवसभर पावसात. अंगमेहनत सर्वांत जास्त तेव्हाच आणि घरात दाणा सर्वांत कमी तेव्हाच. बी-खताचा खर्च, पोरांच्या वह्या-पुस्तकंही त्याच सुमारास. सावकाराची दिढी याच महिन्यावर जगली: आत्ता एक पोतं न्या, सुगीला दीड द्या.

*

हा महिना ओळखून निघालेली योजना म्हणजे खावटी. ती राबवणारं आदिवासी विकास महामंडळ १९७२चं, मुख्यालय नाशिकलाच. पावसाळ्यात पोटापुरतं कर्ज, असं योजनेचं मूळ रूप. २०२०मध्ये कोरोनाच्या काळात शासनानं तिचं अनुदान केलं: कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याचा किराणा. रक्कम मोठी नाही. पण उपासाला ऋतू असतो, हे या योजनेच्या नावातच मान्य केलेलं आहे.

*

पेठ-सुरगाण्यात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नार, पार, दमणगंगा तो घेऊन पश्चिमेला उतरतात. म्हणून फाल्गुन-चैत्रात बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या काठावर. पाणी अडलं नाही म्हणून दुसरं पीक नाही, आणि दुसरं पीक नाही म्हणून दिवाळीनंतर घराला कुलूप. दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणी, विरळणी, पुढे काढणी. त्या मजुरीतून चार महिन्यांचं धान्य येतं. गारपिटीत बाग झोपली की पंचनामा बागायतदाराच्या नावे होतो. सुरगाण्यातल्या चुलीचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही.

*

पूर्वेकडच्या छोट्या कांदेवाल्याचं दुखणं निराळं. नोव्हेंबर २०१८मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्यानं ते पंतप्रधानांना मनिऑर्डर केले. किलोला दीड रुपयाही पडला नाही. तेव्हा रेशनचा गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. म्हणजे किलोभर कांदा विकून रेशनचा गहूही किलोभर येत नव्हता. सगळं रान नगदी पिकाखाली घालणाऱ्यानं दोन गुंठे बाजरी का ठेवावी, याचं उत्तर या हिशेबात आहे.

*

अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. जानेवारी २०२३पासून फुकट. आता कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, त्यामुळे निफाडला गेलेल्या मजुराला तिथंच धान्य उचलता येतं. या घरांना मोठा आधार हाच. पण गहू-तांदूळ घरात आले तशी नागली ताटातून सरकली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात त्याचा नावाला अंश. कायद्यात भरडधान्य द्यायची मुभा पहिल्यापासून आहे आणि कर्नाटकात रेशनवर रागी, म्हणजे नागलीच, मिळते. मग पेठच्या दुकानात पेठचीच नागली का नको?

*

मार्च २०१८. नाशिकहून निघालेला लाल बावट्याचा लाँग मार्च सहा दिवसांत मुंबईला पोचला. सोलवटलेल्या पायांचे फोटो सगळ्यांना आठवतात. मुख्य मागणी वनजमिनीची होती: २००६च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेला प्लॉट पूर्ण मोजून नावावर करा. सोबत जीर्ण रेशनकार्डं बदलून देण्याचीही मागणी होती. दोन्ही एकाच निवेदनात होत्या, आणि तेच बरोबर. कागद नसेल तर पीककर्ज नाही, विहीर नाही, पंचनामा नाही; मग उरतं फक्त रेशन.

*

सुरगाण्याच्या सीमेपलीकडे, गुजरातच्या वांसद्यात, मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेनं १९८२मध्ये वाडी सुरू केली. ती नंतर नाशिकच्या डोंगरांतही आली. एकरभर जागेत आंबा-काजूची कलमं, झाडं लहान असेपर्यंत मधल्या पट्ट्यात नागली, उडीद. वाडीचा खरा गुण तिच्या तारखेत आहे: आंब्याचे पैसे वैशाख-ज्येष्ठात येतात, बरोबर कणगी तळाला लागते तेव्हा.

*

बियाण्यांतही तोच हिशेब. गरवं वाण उतारा जास्त देतं, पण वाट पाहायला लावतं. हळवं वाण कमी पिकतं, पण दसऱ्याच्या आधी घरात येतं. म्हणून जुन्या बाया दोन्ही पेरत. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री मिळाली ती अशी गावठी वाणं जपल्याबद्दल. वाण हरवलं की वर्षातले काही आठवडेही हरवतात.

*

श्रावणात कवळी, टाकळा, करटोली, बांबूचे कोंब. शहरात यांचे महोत्सव भरतात. पाड्यावर या भाज्या भाकरीसोबत खायच्या असतात. भाकरीऐवजी खायची वेळ येते तेव्हा महोत्सव नसतो.

*

ग्रामसभेसाठी एक सूचना. पंचायतीच्या भिंतीवर बारा महिने लिहा. प्रत्येक घरानं आपलं धान्य संपलं त्या महिन्यापुढे एक रेघ ओढावी. रोहयोची कामं, खावटी, रेशनचा जादा कोटा, सगळ्यांच्या तारखा त्या रेघांवरून ठरवा. कारण आषाढातली मदत दिवाळीत आली, तर ती दिढी फेडायलाच जाते.